जमिनीखालची हाक वर पोहोचते का?

बोगदे आणि भुयारी मेट्रो आपण वेगाने बांधत आहोत. मात्र तिथे संकटात उतरणाऱ्या जवानाचा आवाज पृष्ठभागावर पोहोचेल, याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे आपण अजून ठरवलेले नाही.

१२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीच्या पहाटे, उत्तराखंडमधील सिल्क्यारा बोगद्याचा एक भाग कोसळला आणि ४१ मजूर ढिगाऱ्यापलीकडे अडकले. पुढचे १७ दिवस देशाने जे पाहिले ते आता सर्वांच्या स्मरणात आहे: बिघडणारी ऑगर यंत्रे, परदेशातून आलेले तज्ज्ञ आणि शेवटचे काही मीटर हातांनी खणून वाट मोकळी करणारे ‘रॅट-होल’ खाणकामगार. या सुटकेतील एक धागा मात्र बातम्यांच्या गर्दीत मागे पडला. आतले लोक जिवंत आहेत हे बाहेरच्यांना पहिल्याच टप्प्यात कळले होते. ढिगाऱ्याखाली आधीपासून असलेली चार इंची नळी शाबूत राहिली. तिच्यातून प्राणवायू गेला, चणे-कुरमुरे गेले. वॉकी-टॉकीवर संपर्क झाला. नवव्या दिवशी सहा इंची नळी पलीकडे पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातून सरकवलेल्या कॅमेऱ्याने आतले चेहरे दाखवले. पुढे भारत संचार निगमने बोगद्याजवळ छोटे टेलिफोन केंद्र उभारून आत तार सोडली आणि मजूर आपल्या घरच्यांशी बोलू लागले. मानसोपचारतज्ज्ञांनीही त्यांना धीर दिला.

सव्वा वर्षाने, २२ फेब्रुवारी २०२५ रोजी, तेलंगणात नागरकर्नूल जिल्ह्यातील श्रीशैलम डाव्या कालव्याचा बोगदा कोसळला. आठ जण बोगद्याच्या तोंडापासून सुमारे १४ किलोमीटर आत होते. त्यांच्याशी एकदाही संपर्क झाला नाही. सुमारे दोन महिने शोध चालला आणि दोनच मृतदेह हाती लागले. संपर्क असता तर ते वाचले असते, असे मी म्हणणार नाही. चिखल, पाणी आणि पोलाद यांचा तो लोंढा प्रचंड होता. पण बचाव पथकांना माणसे कुठे आहेत, किती आहेत, जिवंत आहेत की नाहीत, याचा अंदाज बांधत काम करावे लागले. सिल्क्याऱ्यात मात्र हे प्रश्न आधीच सुटलेले असल्याने सारी बुद्धी वाट काढण्यावर खर्चता आली. बचावकार्यात संपर्काला एवढे मोल असते.

त्याही आधी, ७ फेब्रुवारी २०२१ रोजी, चमोली जिल्ह्यात ऋषिगंगा-धौलीगंगेला आलेल्या महापुरात तपोवन येथील एका लहान बोगद्यात १२ जण अडकले होते. त्यांच्यापैकी एकाच्या मोबाइलला योगायोगाने नेटवर्क मिळाले, त्याने बाहेर फोन लावला आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या जवानांनी त्यांना बाहेर काढले. त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या बोगद्यातील माणसांचे नशीब तसे नव्हते. माणसांचे प्राण मोबाइलच्या पडद्यावर उमटणाऱ्या एखाद्या रेघेवर अवलंबून असावेत, ही व्यवस्था नव्हे.

खडक आणि लहरी

रेडिओलहर मोकळ्या हवेतून मैलोन्‌मैल जाते, पण ओली माती, काँक्रीट आणि लोखंडी सळ्यांची जाळी यांत थोड्याच अंतरावर विरते. अग्निशमन दलाच्या जवानाच्या हातातील संच रस्त्यावर उत्तम चालतो आणि जिन्याची दोन वळणे उतरताच खरखरू लागतो, याचे कारण हेच. सरळ आणि मोकळ्या बोगद्यात उच्च वारंवारितेच्या लहरी काही अंतर तग धरतात, कारण बोगदाच पोकळ नळीप्रमाणे त्यांना वाहून नेतो. मात्र वळण आले, मध्ये गाडी उभी असली किंवा दरड कोसळली की तो आधारही सुटतो.

यावर खाणउद्योगाने अनेक दशकांपूर्वी एक साधा उपाय शोधला. त्याला ‘लीकी फीडर’ म्हणतात. सर्वसाधारण केबलमधून लहर बाहेर पडू नये याची काळजी घेतली जाते; या केबलच्या आवरणाला मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. आपल्या शेतकऱ्याला हे तत्त्व चटकन कळेल, कारण ठिबक सिंचनाची नळी जसे जागोजाग पाणी सोडते, तशी ही केबल बोगद्याच्या लांबीभर थोडी थोडी लहर सोडत जाते आणि जवळच्या संचाची लहर टिपूनही घेते. ठरावीक अंतरावर प्रवर्धक बसवले की कित्येक किलोमीटर लांबीचा बोगदा बोलता होतो. भुयारी मेट्रोमध्ये आज वापरात असलेली व्यवस्था बहुतांशी याच तत्त्वावर चालते.

उपायाला मर्यादाही आहेत. छत कोसळले की केबल तुटते, आगीत ती वितळते आणि वीज गेली की प्रवर्धक मुके होतात. म्हणून केबलला दोन्ही टोकांकडून लहर पुरवणे, ती अग्निरोधक असणे आणि प्रवर्धकांना स्वतंत्र बॅटरी असणे या तीन गोष्टी चैनीच्या नसून मूळ रचनेचाच भाग असायला हव्यात. कोळसा खाणीत आणखी एक अट येते: तिथल्या मिथेन वायूत संचातून एक ठिणगी पडली तरी अनर्थ होतो, म्हणून प्रत्येक उपकरण ठिणगीमुक्त असल्याचे प्रमाणित व्हावे लागते.

फार कमी वारंवारितेच्या लहरी मात्र खडकातून आरपार जाऊ शकतात. २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा ब्रिटनमधील गुहाबचाव पथकांनी घडवलेले ‘हेफोन’ नावाचे संच तिथे नेण्यात आले होते. ते ८७ किलोहर्ट्‌झवर चालतात. घरातल्या एफएम रेडिओच्या तुलनेत ही वारंवारिता हजारपटीहूनही कमी आहे. अशा संचांवरून चित्रे पाठवता येत नाहीत आणि त्यांचे अँटेना पसरायला जागा लागते. पण केबल तुटल्यावर, दरडीपलीकडच्या माणसाचा आवाज ऐकण्यासाठी हा एक मार्ग उरतो. म्हणजे विज्ञान हाताशी आहे. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे.

लंडनने १८ वर्षे वाट पाहिली

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला चौकशी अहवाल वाचण्याची सवय आहे. जगातील भुयारी दुर्घटनांचे अहवाल एकापुढे एक ठेवले, तर त्यांतील एक परिच्छेद जणू एकाच हाताने लिहिलेला वाटतो.

१८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली आणि ३१ जण मरण पावले. त्यांत अग्निशमन दलाचा एक अधिकारीही होता. सर डेस्मंड फेनेल यांच्या चौकशीचा अहवाल १९८८ मध्ये आला. त्यात १५७ शिफारशी होत्या. लाकडी जिने काढले गेले, धूम्रपानावरील बंदी कडक झाली, प्रशिक्षण सुधारले. जमिनीखाली सर्व बचाव सेवांचे रेडिओ चालावेत, ही शिफारस मात्र रेंगाळली. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या तीन भुयारी गाड्यांमध्ये आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट होऊन ५२ निरपराध माणसे मारली गेली, तेव्हा बोगद्यात उतरलेल्या बचाव कर्मचाऱ्यांना वर निरोप पाठवण्यासाठी माणसे पळवावी लागली. लंडन असेम्ब्लीच्या समितीने २००६ साली या १८ वर्षांच्या दिरंगाईवर नेमके बोट ठेवले. त्यानंतर काही वर्षांत लंडनच्या भुयारी स्थानकांपर्यंत बचाव सेवांचे डिजिटल रेडिओजाळे पोहोचले. म्हणजे तंत्रज्ञान उपलब्ध होते आणि पैसाही उभा राहू शकत होता. कमतरता होती ती ‘हे काम माझे’ असे म्हणणाऱ्या कार्यालयाची.

वॉशिंग्टनची गोष्ट अधिक बोचरी आहे. १२ जानेवारी २०१५ रोजी तिथल्या ल’एन्फाँ प्लाझा स्थानकाजवळ मेट्रो धुराने भरली, एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला आणि अग्निशमन दलाचे रेडिओ खाली नीट चालले नाहीत. त्या स्थानकात रेडिओ चालत नसल्याची सूचना अग्निशमन दलाने चारच दिवस आधी मेट्रो प्रशासनाला दिली होती. दोष कळला होता, पण तो दूर करण्याची घाई कोणालाच नव्हती.

याउलट, संकटानंतर व्यवस्था कशी बदलता येते याचीही उदाहरणे आहेत. २ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील सॅगो खाणीत स्फोट झाला. आत अडकलेल्या १३ पैकी १२ जण दगावले. मुखवटे घातलेल्या बचाव पथकाचा निरोप टप्प्याटप्प्याने वर येताना इतका बिघडला की १२ जण जिवंत आहेत, असे चर्चमध्ये थांबलेल्या कुटुंबांपर्यंत पोहोचले. सुमारे तीन तासांनी त्यांना खरे सांगण्यात आले. त्या वर्षीच्या जून महिन्यात अमेरिकेने कायदा केला: भूमिगत कोळसा खाणींनी तीन वर्षांत दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशी बिनतारी यंत्रणा आणि माणसांचा ठावठिकाणा दाखवणारी व्यवस्था आणावी.

युरोपने माँ ब्लांच्या आगीतून धडा घेतला. २४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या त्या ११.६ किलोमीटरच्या बोगद्यात एका मालमोटारीला आग लागली आणि ३९ जणांचा बळी गेला. बोगदा एकच होता, पण त्याच्या दोन टोकांना दोन देशांच्या दोन कंपन्या आणि दोन स्वतंत्र नियंत्रण कक्ष होते. या आणि अशा आगींनंतर २००४ साली युरोपीय संघाने रस्त्यांच्या बोगद्यांसाठी निर्देश काढला. एक किलोमीटरहून लांब आणि ठरावीक वर्दळीपेक्षा अधिक वाहतूक असलेल्या बोगद्यांत बचाव सेवांसाठी रेडिओ पुनर्प्रक्षेपणाची सोय त्याने बंधनकारक केली आणि प्रत्येक बोगद्याला एक सुरक्षा अधिकारीही दिला.

आपल्याकडे दोरी कोणाच्या हाती?

आता आपल्या देशाकडे वळू. उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला रेल्वेमार्गावर ३६ बोगदे आहेत आणि त्यांची एकत्र लांबी सुमारे ११९ किलोमीटर भरते. बांधकाम सुरू असलेल्या ऋषिकेश-कर्णप्रयाग मार्गाचे सुमारे १२५ पैकी १०५ किलोमीटर बोगद्यांतून जाणार आहेत. झोजिलाखालून रस्ता खणला जात आहे. १९८४ साली कोलकात्यात जेमतेम साडेतीन किलोमीटरने सुरू झालेली भुयारी मेट्रो २०२४ मध्ये हुगळीच्या पात्राखालून गेली. मुंबईच्या मेट्रो-३ मार्गिकेवर २७ पैकी २६ स्थानके जमिनीखाली आहेत. एवढा देश आपण भूगर्भात नेला आहे.

यांतील काही कामे संपर्काच्या बाबतीतही चांगली झाली आहेत, हे सांगायला हवे. रोहतांगच्या अटल बोगद्यात दर १५० मीटरवर आपत्कालीन दूरध्वनी आहे, बोगद्याखाली सुटकेचा वेगळा मार्ग आहे. आपल्या मेट्रो संस्थांकडे स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी डिजिटल रेडिओयंत्रणा असते आणि ती बोगद्यात उत्तम चालते. पण आग विझवायला मेट्रोचे कर्मचारी उतरत नाहीत. उतरते ते अग्निशमन दल.

इथे आपल्या प्रशासनाची गुंतागुंत सुरू होते. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार अग्निशमन सेवा हा नगरपालिकांकडे सोपवता येणारा विषय. काही राज्यांत ती राज्याची, काही शहरांत महापालिकेची. पोलीस राज्याचे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल केंद्राचे. रेडिओ वारंवारिता देण्याचा अधिकार केंद्राच्या दूरसंचार विभागाकडे. रेल्वे आणि मेट्रोला सुरक्षेचे प्रमाणपत्र देणारे आयुक्त तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत. निरीक्षक हा चालकापासून स्वतंत्र असावा, या सुज्ञ विचारातून ही रचना झाली. खाणींसाठी धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय आहे. १८९७ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत झालेल्या मोठ्या अपघाताचा आणि त्यानंतर आलेल्या १९०१ च्या खाण कायद्याचा वारसा त्यामागे आहे. रस्त्याच्या बोगद्यासाठी मात्र भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, रेल्वेसारखा स्वतंत्र वैधानिक सुरक्षा आयुक्त नाही. दुर्घटनेच्या वेळी ही सारी मंडळी एकाच भुयाराच्या तोंडाशी जमतात, आणि प्रत्येकाच्या हातात वेगळ्या वारंवारितेचा संच असतो.

सेवेत असताना एका महानगरातील भुयारी स्थानकावरच्या आपत्ती सरावाला मी निरीक्षक म्हणून हजर होतो. शिट्टी वाजली, तुकडी खाली उतरली आणि दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर अग्निशमन अधिकाऱ्याच्या संचातून नुसती खरखर येऊ लागली. त्याने क्षणभर संचाकडे पाहिले, तो कमरेला अडकवला आणि एका तरुण जवानाला चिठ्ठी देऊन वर पिटाळले. त्या मुलाने तासाभरात किती फेऱ्या मारल्या, ते मी मोजत होतो. अकराव्या फेरीनंतर मोजणे सोडले. पाठीवर प्राणवायूचे नळकांडे असते, भोवती धूर असता, तर त्याला दुसरी फेरीही जमली नसती. सरावाच्या अहवालात ‘संपर्क व्यवस्था : समाधानकारक’ असे लिहिले गेले. त्यात खोटे काही नव्हते. प्रपत्रातला प्रश्न ‘स्थानकातील संपर्क व्यवस्था कार्यरत आहे काय?’ असा होता आणि स्थानक चालवणाऱ्या संस्थेची यंत्रणा खरोखरच कार्यरत होती. मी वेगळे टिपण जोडले. काही महिन्यांनी उत्तर आले की संच अग्निशमन दलाचे असल्याने बाब त्यांच्याशी निगडित आहे. अग्निशमन दलाचे म्हणणे होते की स्थानक त्यांचे नाही, तिथे केबल टाकण्याचा अधिकार त्यांना नाही. दोन्ही उत्तरे नियमाला धरून होती. त्या दोन बरोबर उत्तरांच्या मधल्या फटीत तो जवान धावत होता.

ग्राहकाचा मोबाइल आणि जवानाचा संच

मुंबईच्या मेट्रो-३ वर प्रवाशांच्या मोबाइलला नेटवर्क मिळेना, तेव्हा त्यावर जाहीर वाद झाला. दूरसंचार कंपन्या आणि मेट्रो प्रशासन समोरासमोर आले, वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले. प्रवाशांची तक्रार रास्तच होती. संकटात तो फोनही जीव वाचवू शकतो. पण त्याच फलाटावर अग्निशमन दलाचा संच चालतो का, हा प्रश्न त्या वादात फारसा कोणी विचारला नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ साली इमारतींना मोबाइल जोडणीच्या दर्जानुसार मानांकन देण्याचे नियम केले. घर घेणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. अमेरिकेत २००९ पासूनच्या आदर्श अग्निसंहितेत मात्र नव्या इमारतीत बचाव सेवांचा रेडिओ चालला पाहिजे, अशी अट आहे. आपण ग्राहकाच्या सोयीपासून सुरुवात केली, त्यांनी जवानाच्या संचापासून.

याच प्राधिकरणाने जून २०१८ मध्ये सार्वजनिक सुरक्षा आणि आपत्ती निवारणासाठी देशव्यापी, अद्ययावत संपर्कजाळ्याची शिफारस केली होती. पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय सेवांना एका जाळ्यावर आणण्याचा तो विचार योग्य दिशेचा आहे. पण असे जाळे उद्या उभे राहिले तरी ते भुयाराच्या तोंडाशीच थांबेल. पुढचा रस्ता बोगद्याच्या मालकाने आत केबल टाकली असेल तरच खुला होतो.

म्हणून माझा आग्रह असा, की संपर्क हा बोगद्याच्या रचनेचाच घटक मानावा, हवा खेळवणारे पंखे आणि पाणी उपसणारे पंप मानले जातात तसा. त्यातून काही गोष्टी ओघाने येतात. बांधणाऱ्याने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केबल टाकताना तिच्यावर त्या शहरातील किंवा जिल्ह्यातील बचाव सेवांच्या वारंवारिताही चालवाव्यात. बोगदा खणला जात असताना ही गरज अधिक असते, कारण सिल्क्यारा आणि श्रीशैलम हे दोन्ही बोगदे बांधकामावस्थेतच कोसळले. तिथे खोदाईच्या टोकापर्यंत संपर्काची तार आणि एक मजबूत नळी पुढे सरकत राहिली पाहिजे आणि आत कोण गेले, कोण बाहेर आले याची नोंद बाहेरच्या कक्षात क्षणोक्षणी दिसली पाहिजे. बोगदा सुरू झाल्यावर देखभालीचा खर्च स्वतंत्र शीर्षाखाली धरावा. अन्यथा पहिल्या काटकसरीत बॅटरी बदलण्याचे काम पुढे ढकलले जाते. आणि ज्या मार्गांवर अनेक यंत्रणा येऊन मिळतात, तिथे एका नियुक्त अधिकाऱ्याच्या नावावर ही जबाबदारी लिहिलेली असावी. माँ ब्लांनंतर युरोपने हेच केले.

यांतील कोणत्याही गोष्टीसाठी नवी संस्था लागत नाही. मेट्रोसाठी सुरक्षा आयुक्त आहेत, खाणींसाठी महासंचालनालय आहे. रस्त्याच्या बोगद्यांसाठी तेवढी वैधानिक पोकळी भरावी लागेल. हजारो कोटींच्या प्रकल्पात या केबलचा खर्च किरकोळ असतो, पण बोगदा पूर्ण झाल्यावर, वाहतूक थांबवून ती टाकायची झाली तर तोच खर्च आणि तीच अडचण कित्येक पटींनी वाढते. लंडनची १८ वर्षे अंशतः यातच गेली.

प्रशासनात सुधारणा बहुधा एखाद्या प्रपत्रातल्या एका ओळीपासून सुरू होते, हा माझा अनुभव आहे. भुयारी मार्गाला परवानगी देताना ‘संपर्क व्यवस्था कार्यरत आहे काय?’ हा प्रश्न पुसून टाकावा. त्याऐवजी विचारावे : ‘वीज बंद असताना, सर्वांत खोल जागी उभ्या असलेल्या अग्निशमन जवानाने स्वतःच्या संचावरून हाक दिली तेव्हा वरून उत्तर आले काय?’ चाचणी मेट्रोच्या किंवा कंत्राटदाराच्या माणसाने न करता त्या जवानाने करावी, सहीही त्याच्याच अधिकाऱ्याची असावी आणि दरवर्षीचा निकाल जनतेसमोर ठेवावा. ज्या दिवशी त्या रकान्यात ‘नाही’ लिहिण्याची मुभा त्या अधिकाऱ्याला असेल आणि ‘नाही’ लिहिल्यावर फीत कापण्याचा समारंभ पुढे ढकलला जाईल, त्या दिवशी आपले बोगदे खऱ्या अर्थाने पूर्ण होऊ लागतील.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)